आरोप एकावर, मार दुसऱ्याला: कलम २९५-अ वरचा एक निबंध वाचताना

संशोधन निबंध ‘चिकित्सकपणे’ वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे बरेच जण विचारतात. आज एकच निबंध घेऊ: असद अली अहमद यांचा ‘स्पेक्टर्स ऑफ मॅकॉले’ (२००९). विषय आहे ईशनिंदेचा आरोप आणि इंग्रजांच्या काळातली दंडसंहिता.

मांडणी थोडक्यात अशी. मॅकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात धार्मिक भावनांना कायद्याचं संरक्षण आलं. पुढे लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ खटल्यात प्रकाशक सुटला आणि १९२७ मध्ये कलम २९५-अ आलं. अहमद म्हणतात, कायदा दुखावलेल्या भावना नुसत्या शांत करत नाही, तक्रारीची जागा देऊन तो त्या घडवतोही. हे पटतं. पाकिस्तानात अहमदिया आणि ख्रिश्चनांवर जी वेळ आली, ती यातून बरीच समजते.

मग अडतं कुठे? निबंध मुख्यतः कायदा आणि खटल्यांतून बोलतो. खटल्यात एक आरोपी असतो, एक मजकूर असतो, आणि ‘जाणूनबुजून, दुष्ट हेतूने’ ही अट सिद्ध करावी लागते. आता आपल्याकडच्या घटना शेजारी ठेवा. जून २०१४, पुणे: फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची आक्षेपार्ह चित्रं फिरली आणि हडपसरला एका मुस्लिम आयटी अभियंत्याला मारलं गेलं. चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. सप्टेंबर २०२३, पुसेसावळी (जि. सातारा): वाद इन्स्टाग्रामवरच्या मजकुराचा, हल्ला मशिदीवर, आणि जीव गेला तिथे नमाजाला आलेल्या तरुणाचा. हेतू कुणी विचारलाच नाही. म्हणजे इथे विश्लेषणाचं एकक व्यक्ती नाही, समाज आहे. ते खटल्यांच्या कागदात सहज दिसत नाही.

पण घाई करू नका. जून २०२२ मध्ये अमरावतीत नूपुर शर्मांच्या समर्थनाच्या पोस्टवरून एका औषध विक्रेत्याचा खून झाला. तो हिंदू होता, आणि लक्ष्य पोस्ट करणारा स्वतःच होता. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात पोस्टवरूनच दंगल झाली, त्यातही एक जण गेला. आपल्या सिद्धांतात बसत नाही म्हणून अमरावती गाळली, तर तो नमुना निवडीतला पक्षपात झाला. आणि चारही घटना ‘ईशनिंदा’ या एकाच खान्यात कोंबल्या, तर तुलनाच बिघडते.

म्हणून तक्त्यात दोन रकाने वेगळे ठेवा: आरोप कुणावर, आणि किंमत कुणी मोजली. मग खरा प्रश्न विचारता येतो: अल्पसंख्याक असण्याचा फरक आरोप होण्यात पडतो, की एकावरचा आरोप अख्ख्या वस्तीवर पसरण्यात? अहमद यांचा निबंध पहिल्या अर्ध्याला उत्तर देतो. दुसरं अर्धं अजून मोकळं आहे.

आणि हो, जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ आहे. निकाल शोधताना दोन्ही आकडे टाका, नाहीतर अर्धी माहिती हातातून जाईल.