पाप खेळाच्या रूपाने येते

अँथनी शॅफर यांच्या ‘स्लूथ’ (१९७०) या रहस्यनाट्यावर मँकिविझ यांनी १९७२ साली चित्रपट काढला. २००७ मध्ये केनेथ ब्रॅना यांनी हॅरॉल्ड पिंटर यांच्या पटकथेवरून तो नव्याने केला. रहस्यकथालेखक पत्नीच्या प्रियकराला घरी बोलावून त्याची मानहानी करतो, हे कथाबीज. पूर्वी प्रियकर झालेले मायकेल केन आता लेखक झाले आहेत.

नव्या चित्रपटाविषयी मतभेद झाले. कोणाला पिंटर यांचे धारदार संवाद भावले, कोणाला जुनी गंमत हरवल्याची खंत वाटली. मला दुसरे मत पटते. खेळण्यांनी भरलेल्या जुन्या घरात आपणही हसत सामील होतो आणि मग ओशाळतो. काचा-कॅमेऱ्यांच्या नव्या घरात क्रौर्य आधीच दिसते. प्रेक्षक न्यायाधीश होतो, अपराधी होत नाही.