वस्तू व सेवा कर कायदा : हिशेबतपासणीचे अधिकार व मर्यादा
१ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कर कायद्याने करअधिकाऱ्यांना व्यापक अधिकार दिले, तशा त्यांना मर्यादाही घातल्या. कलम ६५ नुसार लेखापरीक्षणापूर्वी किमान १५ कामकाजी दिवसांची नोटीस आवश्यक असते. कलम ६७ नुसार झडतीपूर्वी, जप्तीयोग्य माल वा उपयुक्त कागदपत्रे दडविल्याचे मानण्यास सहआयुक्त अथवा त्यावरील अधिकाऱ्याजवळ कारण असावे लागते. कलम ७१ अन्वये मात्र महसुलाच्या हितरक्षणार्थ नोंदणीकृत व्यवसायस्थळी प्रवेश करण्यास अशा अधिकाऱ्याचे प्राधिकारपत्र पुरते. कारणाची अट तेथे नाही. परिणामी कराडच्या बाजारपेठेतील लहान व्यापाऱ्याची रोजकीर्द-खतावणी कोणत्या कलमाखाली उघडली जाते, यावरच त्याचे संरक्षण अवलंबून राहते. म्हणून कलम ७१ मध्येही लेखी कारणाची अट घालणे न्यायोचित ठरेल.