कट्यारीचा भाव आणि गावाचं नाव

2025च्या ऑगस्टमध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लंडनहून मुंबईत आली, तेव्हापासून आमच्या मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न हटकून निघतो. घरात जुनं हत्यार आहे, त्याचे किती येतील? पूर्वी लोक विचारायचे, हे कोणत्या काळातलं असेल? आता आधी भाव. ह्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण भावाचा प्रश्न आलाच आहे, तर तो नीट विचारावा म्हणून हे टिपण. दुर्मिळ कट्यार, खंजीर, बिचवा स्वस्तात घ्यायचा आणि चढ्या भावाने विकायचा, ह्यात गैर काय आणि किती? उत्तर शोधताना मी तीन मजकूर शेजारीशेजारी ठेवले. पहिले दोन बहुतेकांना ठाऊक आहेत. तिसरा आपल्या सेलवासच्या मुलखातला आहे, आणि त्यातली काही वाक्यं माझी आहेत.

पहिला मजकूर वाघनखांच्या पेटीवरचा. 19 जुलै 2024 ला साताऱ्याच्या संग्रहालयात मांडलेली वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून तीन वर्षांच्या कराराने आली. पेटीवर लिहिलंय की शिवाजीने ह्यांनी मोगल सरदाराला मारलं, आणि जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना पेशव्यांच्या पंतप्रधानाने ती त्याला दिली. दोन चुका शाळकरी पोरालाही दिसतील. अफझलखान आदिलशाहीचा सरदार, मोगलांचा नव्हे. आणि पेशवा हाच मुळात पंतप्रधान. ही नखं नक्की तीच का, ह्याची खात्री देता येत नाही असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. तरीही मला ह्या मजकुराचा राग येत नाही. त्यात कुणी दिलं, कुणाला दिलं, कुठे दिलं हे तीनही आहे. चुकीचं का होईना, पण लिहिलेलं आहे, म्हणून तर आज आपण ते तपासू शकतो, त्यावर भांडू शकतो.

दुसरा मजकूर रघुजींच्या तलवारीचा. एप्रिल 2025 मध्ये ती सोदबीजच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली. सगळा खर्च धरून सुमारे 47 लाख रुपये लागले. पातं युरोपीय घडणीचं, म्हणजे आपण ज्याला फिरंग म्हणतो ते, आणि त्यावर सोन्याच्या अक्षरांत रघुजी भोसल्यांचं नाव व सेनासाहेब सुभा हा किताब. लिलावाच्या वर्णनात हे नीट नोंदलेलं होतं, म्हणून तर आपल्याला कळलं. एवढं श्रेय बाजाराला द्यायलाच हवं. पण नागपुरातून ती बाहेर कधी पडली? 1817च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत गेली असावी असं म्हणतात, तो तर्क आहे. मधल्या काळात ती ज्या ज्या हातांतून गेली, त्यांतल्या कुणी चार ओळी लिहून बरोबर ठेवल्या असत्या, तर तर्काची वेळ आली नसती. पात्यावर नाव होतं म्हणून तलवार घरी आली. ज्या हत्यारावर नाव नाही, त्याचं काय?

आता तिसरा मजकूर. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या विक्रेत्याने मला फोनवर कट्यारीचे फोटो पाठवले. खानवेलच्या वरच्या अंगाला एका पाड्यावरून आणली, एवढंच म्हणाला. पात्यावर तेल आणि कुंकवाची पुटं चढलेली. म्हणजे ही देवाच्या फळीवर असणार, दसऱ्याला पुजली जाणार, हे फोटोतही दिसत होतं. मुठीच्या बाजूच्या पट्टीवर टिंबाटिंबांनी कोरलेला एक आकडा होता. बिकानेरच्या शिलेखान्यातल्या हत्यारांवर अशा टिंबांच्या नोंदी प्रसिद्ध आहेत. मी उत्साहाने लिहून पाठवलं : हा मोजदादीचा आकडा दिसतो, ही कधीतरी कुठल्यातरी शिलेखान्यात असावी, पातं कापलेल्या फिरंगेचं असावं, कारण मधल्या खोबणी टोकाकडे अचानक तुटतात. मोडक्या परदेशी तलवारींची पाती कट्यारींना लावायची पद्धत दख्खनेत होतीच. एवढं लिहून मी खूश. एक पैसा घेतला नाही, ह्याचाही थोडा अभिमान.

काही महिन्यांनी तीच कट्यार एका विक्रीच्या यादीत दिसली. पातं घासूनपुसून लख्ख. माझी वाक्यं जशीच्या तशी, फक्त ‘असावी’ची सगळीकडे ‘आहे’ झालेली. आणि मूळ ठिकाण? ‘एका जुन्या संस्थानी घराण्याच्या संग्रहातून.’ किंमत पंच्याऐंशी हजार. मी चौकशी करत त्या पाड्यावर गेलो. घरच्या आजींना दीड हजार मिळाले होते. त्या म्हणाल्या, सासऱ्यांच्या वडिलांनी ती जव्हारच्या दसऱ्याहून आणली असं घरात सांगत. नातू शिकलेला, सेलवासला कारखान्यात कामाला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “काका, त्यांना तुम्ही सगळं सांगितलंत, मग आम्हाला का नाही?”

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही पुरतं नाही.

आता विक्रेत्याची बाजू. ती खोटी नाही. जुन्या वस्तूंच्या शोधात पाडेपाडे फिरणं, दहा वस्तू घेऊन नऊ घरात पडून राहणं, पैसे अडकवणं, हे कष्ट आहेत. शिवाय तो गेला नसता तर ती कट्यार कदाचित भंगारात वजनावर गेली असती. ही भीती पोकळ नव्हे. तंजावरच्या मराठा राजांचा शिलेखाना पाहा. 1855 मध्ये शेवटचा राजा वारल्यावर राज्य खालसा झालं. पुढे निवडक हत्यारं मद्रासच्या संग्रहालयात गेली आणि उरलेली बरीचशी मोडून जुन्या लोखंडाच्या भावाने फुंकली. कुणी नफेखोर गिऱ्हाईक तेव्हा पुढे आला असता, तर आज ती कुठेतरी पाहता आली असती. पुण्याच्या जुन्या बाजारात फिरणारा कुणीही सांगेल की चांगल्या वस्तू वाचतात त्या त्यांची पारख असलेल्या माणसामुळे, आणि पारखीला पोट असतं.

तेव्हा नफा हा गुन्हा नव्हे. विकू नका, हा वारसा आहे, असं त्या आजींना सांगणंही मला पटत नाही. वारशाचं ओझं पाड्यावरच्या घराने वाहायचं आणि अभिमान आपण मिरवायचा, हे कुठलं शहाणपण? वस्तू त्यांची, विकायचा हक्क त्यांचा.

पण नफा कशातून आला, हे तपासायला हवं. कष्टाचा आणि जोखमीचा नफा वेगळा, समोरच्याला ठाऊक नाही म्हणून झालेला नफा वेगळा. दीड हजारातून पंच्याऐंशी हजार झाले ते रस्त्यावरच्या पायपिटीने नव्हे. ते झाले त्या टिंबांच्या वाचनाने. विक्रेत्याला घेताना अंदाज होता, तो गप्प राहिला. मला नंतर कळलं, मीही आजींपर्यंत गेलो नाही. माझं फुकट दिलेलं ज्ञान फुकट राहिलं नाही. त्याची किंमत कुणीतरी मोजली आणि कुणीतरी खिशात घातली.

दुसरा दोष मला पैशापेक्षा मोठा वाटतो. विकताना पाड्याचं नाव पुसलं. का? कारण ‘संस्थानी घराणं’ म्हटलं की भाव चढतो आणि आदिवासी घर म्हटलं की उतरतो, असा विक्रेत्याचा हिशेब. आता टिंबांचा आकडा कोणत्या शिलेखान्याचा हे तो आकडा सांगत नाही. सांगू शकली असती ती आजींची जव्हारची आठवण. तो पुरावा नव्हे, पण धागा आहे. पुढच्या अभ्यासकाने जव्हारच्या कागदांत शोध घ्यायला पुरेसा. तो धागा कट्यारीपासून तोडला गेला. कुंकवाची पुटं घासून काढली तेव्हा ती पुजली जात होती ही खूणही गेली. वाघनखांच्या पेटीवर चुकीची का होईना नावं आहेत. इथे बरोबर नाव हाताशी असून पुसलं.

आपल्या भागात हे जास्त लागतं, कारण नगर हवेलीचा लिखित इतिहास बहुतेक राज्यकर्त्यांच्या तारखांचा आहे. 1779चा मराठे-पोर्तुगीज तह, 1783 मध्ये नगर हवेली आणि 1785 मध्ये दादरा पोर्तुगीजांकडे, 2 ऑगस्ट 1954 ला सेलवासची मुक्ती, 1961 मध्ये भारतात विलीनीकरण. वारली, कोकणा, धोडिया घरं ह्या तारखांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहतात. त्यांच्याकडचे कागद म्हणजे अशाच वस्तू आणि त्यांच्याबरोबर सांगितलेल्या गोष्टी. वस्तू गेली तर निदान गोष्ट राहावी. आणि उलट फसवणूकही चालते : साध्या सुऱ्याला ‘वसईच्या मोहिमेतला’ किंवा ‘मुक्तिसंग्रामातला’ म्हणून चिकटवायचं. खरं गाव पुसणारा आणि खोटा पराक्रम चिकटवणारा, दोघंही एकच माल विकतात.

कायदा म्हणाल तर 1972चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा शंभर वर्षांवरच्या अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना मागतो आणि खासगी निर्यातीला बंदी करतो. मूळ मालकाला रास्त काय मिळावं ह्यावर तो काही बोलत नाही. पण फेरविक्रीत पहिल्याचा वाटा ही कल्पना आपल्या कायद्याला अगदीच परकी नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 53-अ मध्ये चित्रकार-शिल्पकाराला मूळ कलाकृतीच्या फेरविक्रीत वाटा मागता येतो. आजी कट्यारीच्या कर्त्या नव्हेत, हे खरं. पण त्यांच्या घराने ती तीन पिढ्या गंजू दिली नाही, ह्याला काहीच मोल नाही का?

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, फोटो आला की आधी विचारायचं : वस्तू आत्ता कुणाच्या घरात आहे? घरात असेल तर आपलं मत पहिल्यांदा त्या घराला. दोन, विक्रेत्याला मत द्यायचं तर एका अटीवर : गावाचं नाव आणि घरातली आठवण, त्यांच्याच शब्दांत, एका कागदावर लिहून वस्तूबरोबर जाईल आणि एक प्रत आपल्या फाइलीत राहील. घराला स्वतःचं नाव नको असेल तर ते झाकावं, गावाचं झाकू नये. तीन, आपल्या वाचनामुळे भाव चढला तर त्यातला ठरलेला हिस्सा मूळ घराला. विक्रेते म्हणतील, असं कुणी करत नाही. नसेल करत. मग आपलं वाचन त्यांना मिळणार नाही, इतकंच.

मी त्या विक्रेत्याशी बोललो. त्याने यादीतलं वर्णन बदललं नाही आणि कट्यार पुढे विकली गेली. कुणाकडे, ते मला सांगितलं नाही. माझ्याकडे पहिले फोटो आहेत, कुंकवासकट. त्यांच्यामागे मी पाड्याचं नाव, आजींनी सांगितलेली जव्हारची गोष्ट आणि दीड हजार हा आकडा लिहून ते मंडळाच्या फाइलीत लावले आहेत. एक संच नातवाला दिला. ती कट्यार पुन्हा कधी कुठल्या लिलावात निघालीच, तर तिच्या गावाचा कागद निदान दोन ठिकाणी सापडेल.