गावकुसाबाहेरच्यांची गावओढ

दलिताला गाव नसते, असे आपण व्यासपीठावरून अनेकदा म्हणतो. त्यात खोटे काही नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याची जी चिरफाड केली, ती खेडे भोगलेल्यांच्या वतीने केली होती. त्याआधी 1942 साली नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, तीही याच अनुभवातून. गाव सोडणे हे आपल्या माणसांसाठी मुक्तीचे पाऊल होते, याबद्दल वाद नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. गाव सोडून मुंबईच्या चाळीत, झोपडीत आलेल्या घरात जी आई दिवेलागणीला गावाच्या आठवणीने रडते, तिच्या रडण्याला आपल्या समीक्षेत जागा आहे काय?

माझ्या मते नाही. आणि ती नसण्याचे कारण भीती हे आहे. मराठी मध्यमवर्गीय ललित लेखनाने गावाची आठवण आपल्या नावावर करून घेतली आहे. ओटी, माजघर, नदीचा घाट, देवळातली घंटा, आजीच्या हातचे दूधपोहे. त्या आठवणीतल्या विहिरीवर आपल्या आयांना घागर बुडवता येत नव्हती, आणि लेखकाला मात्र त्या पाण्याची गोडी तेवढी आठवते. या लेखनाचा आपल्याला राग आला हे योग्यच झाले. पण त्या रागाच्या भरात आपण असे धरून चाललो की, गावासाठी ज्याचा जीव तुटतो त्याला गावगाडा मान्य असला पाहिजे. मग दलित स्वकथनांतली जी पाने या हिशेबात बसेनात, ती आपण भराभर उलटली.

‘बलुतं’चेच पाहा. 1978 साली हे पुस्तक आले. त्यावर जेवढे लिहिले गेले त्यातले बहुतेक ‘जातिव्यवस्थेवरील आरोपपत्र’ या एका शब्दाभोवती फिरते. आरोपपत्र ते आहेच. पण ते एका स्थलांतरित घराचेही पुस्तक आहे, हे किती जणांनी म्हटले? बाप गोदीत कामाला, बिऱ्हाड नागपाड्याजवळच्या कावाखान्यात, गाव अकोले तालुक्यातले धामणगाव. या दोन ठिकाणांमध्ये ते पोर सारखे हिंदकळत राहते. कावाखान्यात गावाकडचेच नातलग एकमेकांच्या आधाराने राहतात, बाया चिंध्या, कागद, काचा वेचतात, पुरुष हमाली करतात. मुंबई सुटते तेव्हा गावी परतावे लागते, आणि तिथे बाप जातो. बाप गेल्यावर गाव आणि शहर दोन्हीही परकीच राहतात. आता पुस्तकाची मांडणी आठवा. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावे म्हणजे लेखकाने केलेली गंमत किंवा तंत्र नव्हे. स्थलांतरित घरात वाढलेले पोर असेच दुभंगते. एक जण गावाची भाषा बोलतो, दुसरा ती ऐकून पुस्तकी मराठीत उतरवून घेतो. आपण या दुभंगाला फक्त ‘पांढरपेशा झालेल्या दलिताचे अपराधीपण’ असे नाव दिले. ते अपुरे आहे. त्यात एक साधे, कोणत्याही परागंदा माणसाला होणारे दुःखही आहे, आणि त्याला क्रांतिकारक ठरवण्याची घाई करण्याचे कारण नाही.

हे दुःख बोलायचे कुठे, हीसुद्धा एक अडचण होती. कोकणातला चाकरमानी गिरणीच्या खात्यात उघडपणे गावाचे गोडवे गाऊ शकतो. आपल्या माणसाने गावाचे नाव काढले की समोरचा विचारणार, “गावात घर कुठंशी?” एवढ्या एका प्रश्नात जात बाहेर पडते. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या 1963 च्या संग्रहातील शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला जातो आणि तिथे जात लपवून राहतो. त्या कथेची चर्चा जातीच्या अंगाने पुष्कळ झाली. पण परमुलखात एकटा पडलेला माणूस, ज्याला आपण कोण, कुठले, घरी कोण कोण, हे मोकळेपणी सांगताच येत नाही, त्याचा एकाकीपणा वेगळा मोजला पाहिजे. इतरांची गावओढ गप्पांत विरघळते. आपली आत साठून राहते.

माझ्या घरचे उदाहरण देतो, ते मला जवळून ठाऊक आहे म्हणून. माझी आजी 1972 च्या दुष्काळात जालन्याकडून मुंबईला आली. खडी फोडण्याचे काम आधी तिकडे केले, मग इकडे. पाटलाच्या वाड्याचे, पंगतीच्या शेवटाला वाट पाहत बसण्याचे नाव ती कधी प्रेमाने काढत नसे. तिच्या तोंडी ‘वाडा’ हा शब्दच शिवीसारखा येई. पण तिकडचे कोणी भेटले की पहिला प्रश्न, “पाऊस हाय का?” मुंबईत गुडघाभर पाणी साचलेले असतानाही. तिचे पहिले मूल गावच्या आमच्या मसणवट्यात पुरलेले होते. त्या जागेचा कागद कोणाकडेच नव्हता. पुढे कोणी तरी ती नांगरली, आता तिथे कपाशी उभी असते. माझे वडील पाच वर्षांचे असताना मुंबईत आले, गावात सलग आठ दिवस कधी राहिले नाहीत, पण आजही ‘आपल्या गावाला’ असेच म्हणतात. त्यांना ही ओढ वारशाने मिळाली. सातबारा नसलेल्या माणसाचा वारसा असाही असतो.

अण्णा भाऊ साठे यांना ही भीती शिवली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी आलेला हा माणूस. ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत त्यांनी गावी राहिलेल्या बायकोचा विरह गायला आणि तोच धागा बेळगाव-कारवारच्या प्रश्नापर्यंत नेला. कामगाराच्या गावओढीतून त्यांनी चळवळीची भाषा घडवली. त्या तुलनेत नरेंद्र जाधवांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (1993) मला एका बाबतीत उणे वाटते. येसकरकीला नकार देऊन ओझर सोडणारा बाप तिथे फार जिवंत उतरला आहे. गाव सोडण्याची किंमत काय होती, हे त्याच्या तोंडून कळते. 1958 च्या कायद्याने वतने संपेपर्यंत गाव सोडले तरी गावाचा हक्क माणसाच्या मानगुटीवर राहत असे. पण पुढे मुलांच्या यशाची चढण सुरू होते आणि तुटलेल्या गावाचे दुःख त्या चढणीची पहिली पायरी होऊन मागे पडते. ज्या घरांतली मुले साहेब झाली नाहीत, त्यांच्या आयांचे रडणे मग कोणत्या पायरीवर ठेवायचे?

आणि आई म्हटल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात येते. ‘गाव कोणाचे?’ हा प्रश्न आपण पुरुषांनी उभा केला. बाईला तर लग्न होताच मुलूख सोडावा लागतो. स्थलांतर तिला मुंबईच्या आधीपासून माहीत असते. त्यासाठी तिच्याजवळ एक जुना शब्द आहे, माहेर. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुणे जिल्ह्यात व इतरत्र ज्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांत दलित बायांच्या ओव्या पुष्कळ आहेत. त्यांत बाबासाहेब भाऊ होऊन येतात. ज्या गावाने पाणी दिले नाही त्याच गावातले आपले चार खणांचे माहेर तिने वेगळे काढून ठेवले आहे, आणि बाबासाहेबांना त्या माहेरचे माणूस केले आहे. आजी रडत होती ती या चार खणांसाठी. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (2003) डोक्यावर भारे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बाया येतात. त्यांची वाट लेखिका मुंबईत बसून लिहिते. चढ, घाम, भूक, थट्टा, सगळे त्यात आहे. त्या वाटेवर प्रेम केल्यावाचून ती पाने लिहिता आली नसती, आणि त्या प्रेमाने गावगाड्याला कुठेही माफी दिलेली नाही.