‘कळ्यांचे निःश्वास’ आणि गोठवलेला काळ

विभावरी शिरूरकर या टोपणनावाने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि मराठी वाचकांत मोठी खळबळ उडाली. लेखिका होत्या मालतीबाई बेडेकर. लग्न लांबलेल्या सुशिक्षित मुलींनाही देहमनाची ओढ असते, हे एका स्त्रीने उघड लिहावे, हा त्या वेळी रोषाचा विषय झाला. त्या गदारोळात पुस्तकाचा दुसरा आणि माझ्या मते अधिक टिकाऊ अर्थ झाकला गेला. स्त्रीबीजे गोठवून मातृत्व पुढे ढकलण्याची सोय झालेल्या आजच्या काळात तो पुन्हा पाहण्याजोगा आहे.

‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे त्यातील एका कथेचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. कमावत्या मुलीने वडिलांचा संसार ओढायचा, मग तिचा स्वतःचा कधी? अशा घरात ‘लग्न करू नकोस’ असे कोणीच म्हणत नाही. ‘यंदा नको’ एवढेच दरवर्षी ठरते. हे लांबणे घरच्या जमाखर्चातून निघते, मुलीच्या निवडीतून नव्हे. या संग्रहाचे खरे बळ मला या हिशेबात दिसते. कलादृष्ट्या उणिवा आहेत. पात्रे बोलता बोलता निबंधाकडे झुकतात. पण हिशेब चुकत नाही. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ कादंबरीत लेखिकेने पतीपासून दुरावलेल्या अचलेची आई होण्याची इच्छा हक्काची गोष्ट म्हणून मांडली.

त्याच काळात र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून संततिनियमनाचा पुरस्कार करीत होते. ‘मूल नको’ म्हणणाऱ्यांना त्यांनी मार्ग दाखवला. ‘आत्ता नको, पण पुढे हवे’ या इच्छेला मात्र तेव्हा शास्त्राकडे उत्तर नव्हते. गोठवलेल्या स्त्रीबीजापासून पहिला जन्म झाला तो १९८६ साली, ऑस्ट्रेलियात. आपल्याकडे माजी मिस वर्ल्ड डायना हेडन २०१६ साली, सुमारे आठ वर्षे गोठवून ठेवलेल्या बीजापासून आई झाल्या, तेव्हा ही गोष्ट वर्तमानपत्रांतून सर्वांना कळली.

तेव्हापासून या विषयावरच्या बहुतेक लेखनात ‘स्वातंत्र्य’ हा एकच शब्द घोळवला जातो. माझा आक्षेप त्याला आहे. दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने, मग भूल देऊन बीजे काढणे, ती उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवणे आणि त्या साठवणीचा खर्च, एवढे सोसल्यावरही मूल होईलच अशी हमी नाही. पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि प्रत दोन्ही झपाट्याने घसरतात. गोठवलेल्या बीजाचे वय थांबते, बाईच्या शरीराचे थांबत नाही. २०२१ च्या कायद्यानेही अशा उपचारांसाठी स्त्रीच्या वयाची मर्यादा २१ ते ५० वर्षे ठेवली आहे. कर्करोगाच्या उपचारांपूर्वी ही सोय मिळणे मोलाचे आहे, यात वाद नाही. पण जिथे शरीराची अडचण नसून घरची आहे, तिथे ‘तुझी निवड’ म्हणून सारा भार तिच्यावर टाकणे हा जुनाच ‘यंदा नको’ झाला.

आपल्या दुभाषी जिल्ह्यांत कानडी वाचणाऱ्यांना त्रिवेणी यांची ‘शरपंजर’ ही कादंबरी ठाऊक असेल. बाळंतपणानंतर मन ढळलेल्या स्त्रीची ती कथा. आई झालेल्या स्त्रीचे दुःख तिथे आहे, आई होणे लांबलेल्या स्त्रीचे मालतीबाईंकडे. साहित्याने दोन्ही भाषांत तोंड उघडले. आपण मात्र दवाखान्यात कानडीत आणि घरी मराठीत गप्पच राहतो.

मालतीबाईंच्या कथांतली मुलगी आज पुण्याला किंवा बंगळूरला नोकरी करते, धाकट्या भावाची फी आणि घराच्या कर्जाचे हप्ते भरते. तिला बीजे गोठवण्याचा सल्ला देण्याआधी, तिचा संसार कोणाच्या सोयीसाठी लांबला, हे घराने स्वतःला विचारावे. आणि तिलाच थांबायचे असेल, तर हा विषय पस्तिशी उलटण्याची वाट न पाहता आईबरोबर आणि वडिलांबरोबरही निघावा. बोलणे सुरू करायला निमित्त हवे असेल, तर हा जुना संग्रह घरात सर्वांनी वाचावा, असे मी सुचवेन.