कागद, शेतकरी आणि स्वातंत्र्याचा अर्थ

आपण स्वतंत्र कोणत्या दिवशी झालो, या प्रश्नाचे उत्तर फिलिपीन्सच्या लोकांना एकदा बदलून घ्यावे लागले. 12 जून 1898 रोजी अग्विनाल्दो यांनी स्पेनपासून स्वातंत्र्य घोषित केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्पेनने पॅरिसच्या तहान्वये ती बेटे दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात अमेरिकेच्या हवाली केली. अमेरिकेने 4 जुलै 1946 रोजी ती मुक्त केली आणि पुढे 1962 साली राष्ट्राध्यक्ष मकापगाल यांनी स्वातंत्र्यदिन 4 जुलैवरून 12 जूनवर नेला. दुसऱ्याने दिलेल्या तारखेपेक्षा स्वतः उच्चारलेली तारीख त्या राष्ट्राला आपली वाटली, हे स्वाभाविकच होय. परंतु तारीख ठरली म्हणजे अर्थ ठरला असे होत नाही. त्या अर्थाचा शोध स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी दोन ग्रंथकारांनी घेतला होता: तिकडे होसे रिझाल यांनी, इकडे महात्मा जोतीराव फुले यांनी.

फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 साली लिहून पूर्ण झाला, तर रिझाल यांची ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ ही कादंबरी 1891 साली बेल्जियममधील गेंट येथे छापली गेली. दोन्ही ग्रंथांच्या मध्यभागी एक शेतकरी उभा आहे. रिझाल यांचा तालेस जंगल तोडून जमीन वाहितीखाली आणतो. पीक उभे राहताच एक धर्मसंघ त्या जमिनीवर हक्क सांगतो आणि वर्षागणिक खंड वाढवीत नेतो. तालेस एवढेच म्हणतो की, मालकीचा कागद दाखवा. कागद कोणी दाखवीत नाही, तरीही न्यायालय धर्मसंघाच्याच बाजूने निकाल देते आणि अखेर तो सज्जन कुटुंबवत्सल माणूस दरोडेखोर होतो. फुल्यांचा शेतकरी कलेक्टरच्या तंबूकडून निराश होऊन घरी परततो. वाढलेला सारा कमी होईल ही आशा मावळलेली आहे आणि वाटेने तो स्वतःशीच बोलत आहे. एकाने शस्त्र उचलले, दुसऱ्याने घरची वाट धरली. हरले मात्र दोघेही कागदापुढेच.

या साम्याचे महत्त्व आम्हांस असे वाटते की, दोन्ही लेखकांचा रोख केवळ परक्या राज्यकर्त्यावर नाही. गोरा अंमलदार ऐषआरामात दंग असतो व कारभार एतद्देशीय कामगारांच्या लेखणीने चालतो, हे फुले पुनःपुन्हा सांगतात. त्या लेखणीमागे उच्चवर्णीयांची मक्तेदारी आहे, असा त्यांचा स्पष्ट आरोप आहे. रिझाल यांनी तोच विचार कादंबरीच्या शेवटी फादर फ्लोरेंतिनो यांच्या मुखी घातला आहे. आजचे गुलाम उद्या जुलमी होणार असतील, तर असल्या स्वातंत्र्याचा उपयोग काय, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. परकी सत्ता गेल्यावर त्या खुर्चीत कोण बसेल आणि कसा बसेल, हा प्रश्न सत्तांतरापूर्वीच विचारणे हे या दोघांचे मोठेपण होय.

मात्र दोघांत उणिवाही आहेत. रिझाल प्रश्न विचारून थांबतात. सिमौनचे जडजवाहीर समुद्रात फेकले जाते आणि वाचकाच्या हाती केवळ नीतीचा उपदेश उरतो. फुले याउलट ताली, बंधारे, गायरान, शिक्षण अशा व्यावहारिक उपायांपर्यंत येतात. परंतु हे सारे इंग्रज सरकारच करील, हा त्यांचा विश्वास आज भाबडा वाटतो. शिवाय रिझाल यांनी लिहिले ते स्पॅनिशमध्ये, म्हणजे राज्यकर्त्याच्या भाषेत. परक्याची भाषा मागणारे लोक आपली विचार करण्याची रीतच गमावतात, असे सिमौन विद्यार्थ्याला बजावतो, तेही स्पॅनिशमध्येच! फुल्यांची भाषा ओबडधोबड व पाल्हाळीक आहे हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, परंतु ती ज्याची कथा त्याच्याच तोंडची आहे.

भाषेचा हा मुद्दा आम्हां पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांना पुस्तकी वाटू नये. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला हा मुलूख 1853 नंतर इंग्रजांकडे गेला. स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशाने 1950 च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा मान दिला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही छिंदवाडा जिल्ह्यासह नव्या मध्य प्रदेशात राहिलो. योगायोग असा की, त्याच 1956 साली फिलिपीन्सने रिझाल यांच्या कादंबऱ्यांचे अध्ययन विद्यार्थ्यांना सक्तीचे केले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने आमच्याकडे प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याविषयी 350-क हा अनुच्छेद आला. कागदावर तरी आमची आठवण ठेवली गेली.

आमची उमेदीची वर्षे शासकीय सेवेत गेली. शेतकरी ‘फेरफार’ म्हणे, आमच्या नस्तीत ‘नामांतरण’ असे. संत्र्याच्या बागेतून थेट आलेला म्हातारा नोटीस पुढे करून विचारी, “साहेब, यात काय लिवलं जी?” आम्ही मराठीत समजावून सांगत असू आणि तो हात जोडून निघून जाई. त्या नमस्काराने आम्ही सुखावत असू, हे आज कबूल केले पाहिजे. ‘असूड’ निवृत्तीनंतर पुन्हा वाचताना ध्यानात आले की, त्याच्या हक्काची वस्तू आम्ही उपकार म्हणून देत होतो. खुर्चीत गोरा साहेब नव्हता, आम्ही होतो, आणि कागद त्याला पूर्वीइतकाच परका होता.

यात हिंदीविषयी आकस नाही. हिंदीने आम्हांस अन्न दिले आणि प्रेमचंदही दिले. प्रश्न आहे तो एका भाषेविरुद्ध दुसरीचा नव्हे, तर कागद आणि माणूस यांच्यातील अंतराचा. सीमेपलीकडे कागद मराठीत आहे, म्हणून तेथील शेतकऱ्याचे कचेरीतील हेलपाटे चुकले असे कोण म्हणेल? भाषा ही पहिली पायरी. तिच्यापुढे वागणुकीची पायरी आहे, आणि फुल्यांचा असूड त्या दुसऱ्या पायरीवर अधिक जोराने पडतो.

2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. कचेरी जवळ आली, ही आनंदाची गोष्ट आहे. आता तिच्यात बसणारा आमच्या जागचा माणूस म्हाताऱ्याला आधी बसायला खुर्ची देतो की आधी हात जोडू देतो, तेवढे पाहावे. स्वातंत्र्याचा अर्थ आम्हांस तेथेच वाचावयास मिळेल.