कैरानाचं गाणं, पुण्याचं अंगण

किराणा घराण्याला ज्या गावानं नाव दिलं ते कैराना उत्तर प्रदेशात आहे, आजच्या शामली जिल्ह्यात. आपल्यापैकी फार थोड्यांनी ते पाहिलं असेल. तिथले अब्दुल करीम खाँ दक्षिणेकडे आले, मिरजेचे झाले. १९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका स्टेशनवर त्यांनी देह ठेवला आणि मिरजेच्या दर्ग्यात ते विसावले. हे गाणं आपल्याकडे असं चालत आलं. डिसेंबर २०२४ मध्ये सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव सत्तरावा झाला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आला तो हा प्रवास.

खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर धारवाडकडचे. शिकायचं तर आठ वर्षं राहावं लागेल, ही गुरूंची अट त्यांनी मान्य केली. घरची भाषा कानडी, पण मराठी नाटकात स्त्रीभूमिका गाऊन ते ‘सवाई गंधर्व’ झाले. म्हणजे तालीम उत्तरेच्या उस्तादाची, गळा कानडी मुलखातला आणि कान मराठी प्रेक्षकाचे. तिघांपैकी एक जरी नसता, तरी आजचं किराणा घराणं आपल्याला ओळखू आलं नसतं, असं मी ठामपणे म्हणतो.

१२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात रामभाऊ गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या पुण्यतिथीला शिष्यांनी गाऊन श्रद्धांजली वाहिली. कार्यक्रम आर्य संगीत प्रसारक मंडळाचा. खाँसाहेबांच्या विद्यालयाचं नाव याच्या शेजारी ठेवून एकदा वाचावं. रामभाऊंचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे आणि गदगहून आलेले शिष्य भीमसेन जोशी यांनी ते काम खांद्यावर घेतलं. एका गुरूची पुण्यतिथी बघता बघता गावाचा सण झाली.

भीमसेनजींच्या गायकीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यांचा यजमानपणा तितकाच मोठा वाटतो. आपल्या गुरूच्या स्मृतीचं व्यासपीठ त्यांनी घराण्यापुरतं ठेवलं नाही. जयपूरच्या किशोरीताई, मेवातीचे जसराजजी, संतूर घेऊन शिवकुमारजी, सगळ्यांना तिथे मानाचं पान होतं. किराणा परमुलखात रुजलं, टिकलं, याचं कारण मला या मोकळ्या दारात दिसतं.

मी रमणबागेच्या मैदानावर पहिली रात्र जागलो तेव्हा कॉलेजात होतो. सतरंजी, शाल, थर्मास, शेजारी अनोळखी आजी. मध्यरात्री डुलकी लागली तर त्या कोपरानं ढोसत आणि म्हणत, “अहो, मालकंस सुरू झालाय!” पहाटे फिरोज दस्तूर, गंगूबाई आणि शेवटी स्वतः भीमसेन. त्या उजेडात भिजलेली सतरंजी गुंडाळून घरी जाताना कुणी फारसं बोलत नसे. पुढे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले आणि रात्रभराची बैठक संपली. झोपलेल्या शेजाऱ्यांचा हक्क मला मान्य आहे. तरीही मध्यरात्रीचा राग मध्यरात्री ऐकायला मिळत नाही, ही हानी खरीच आहे. तिची भरपाई झालेली नाही.

२०११ मध्ये भीमसेनजी गेले, महोत्सवाच्या नावात त्यांचं नाव आलं. वर्षानुवर्षं समारोपाला गाणाऱ्या प्रभाताई अत्रे जानेवारी २०२४ मध्ये गेल्या. त्या पुण्यातच जन्मल्या आणि खाँसाहेबांचे पुत्र सुरेशबाबू माने आणि कन्या हिराबाई बडोदेकर यांच्याकडे शिकल्या. सत्तरावा महोत्सव त्यांच्याविना झाला. करोनाची दोन वर्षं वगळावी लागली म्हणून तो आकडा उशिरा गाठला, पण मुकुंदनगरच्या मैदानावर १८ ते २२ डिसेंबर असे पाच दिवस लोक भारतीय बैठकीवर मांडी घालून बसले. त्यात ज्यांनी भीमसेनजींना समोर बसून कधीच ऐकलं नाही, अशी मुलंही होती.

त्या मुलांना एवढंच सांगायचंय. महोत्सव संपताना रामभाऊंची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका वाजवतात. जेमतेम तीन-चार मिनिटांची आहे. गाडी काढण्याची घाई करू नका, ती पूर्ण ऐकून मगच उठा.